तुरीच्या दाण्याएवढं

डॉक्टर तायडे यांच्या कोटाच्या खिशात कायम तुरीचे दाणे असत. डाळ नव्हे, अख्खी तूर. रस्त्यात, लग्नात, शाळेच्या फाटकाशी, कुठेही आपला पेशंट दिसला की ते खिशात हात घालत, एक दाणा काढत आणि त्याच्या नाकासमोर धरून ओरडत, "किती? एवढं! पुऱ्या तोंडाले एवढं! आन तू किती लावून राहिला? पोळीले तूप चोपडते तसं? काहून?"

पेशंट बिचारा सायकल धरून मान खाली घालून उभा. मागे टांगेवाला खोळंबलेला. बघ्यांना वाटे, काहीतरी चोरीचं प्रकरण असावं.

डॉक्टर तायडे कातडीचे डॉक्टर. नागपुरात शिकले होते, शुद्ध भाषा त्यांना उत्तम येत होती, पण ती ते फक्त औषधाच्या चिठ्ठीवर वापरत. तोंडानं अस्सल वऱ्हाडी, आणि तीही वरच्या पट्टीत. अमरावतीत आमच्या घरासमोरच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. खाली किराणा दुकान, वर डॉक्टर. भिंतीवर बुद्धाची शांत डोळे मिटलेली तसबीर आणि तिच्याच खाली खुर्चीत बसून डॉक्टर दिवसभर बोंबलत. आमच्या घराच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. कुणाला नायटा आहे, कुणाला खरूज, कुणी औषध अर्ध्यात सोडलं, अख्ख्या आळीला ठाऊक. माझी आई म्हणायची, "या माणसाकडे गुप्तरोग घेऊन कोणी गेलं तर काय होत असेल गं!"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणत. नमस्कार वगैरे भानगड नाही. भेटलो की थेट, "मास्तरीणबाई, तुमच्या नववीतल्या त्या दोन पोरींनी एकच डबी वाटून घेतली. औषध हाये का खाऊ? सांगजा त्याईले, नाई तर मी येतो वर्गात." आणि ते खरोखर येतील अशी मला भीती वाटे.

तरुण पोरापोरींच्या मुरुमांवर ते स्वतः खलून एक मलम देत. पिवळट रंगाचं, गंधकाच्या वासाचं. कातडीचा वरचा पापुद्रा सोलून काढणारं. मलम जहाल होतं, पण नेमानं वापरलं तर गुण यायचा. सगळा वाद त्या नेमाचाच. रात्री तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग तो तुरीचा दाणा. सुरुवातीला एक रात्र आड. डोळ्यांच्या, ओठांच्या, नाकपुडीच्या कडेला नाही. सकाळी धुवून टाकायचं. उन्हात जायचं नाही, जावंच लागलं तर छत्री, पदर, उपरणं, काहीही. दुसरं काही चोपडायचं नाही, लिंबू नाही, उटणं नाही. आग झाली तर थांबायचं.

"आन पयले काही दिवस तोंड अजून बिघडन," ते बजावत. "पुटकुळ्या वाढतीन, सालटं निघतीन. तव्हा माह्या नावानं शिव्या देजो, पण सालटं ओरबाडजो नको!"

लग्न झालेल्या बाईला मलम देण्याआधी ते भरल्या दवाखान्यात विचारत, "दिवस गेले काय?" बाई लाजून जमिनीत जायची. एकदा एका सासूबाईंनी फणकाऱ्यानं विचारलं, "असं चारचौघांत विचारतेत काय?" डॉक्टर उसळले. "मंग कोणाले विचारू? पोटातल्या लेकराले? तुमची लाज राखाले त्याच्या जिवाशी खेळू काय?" सासूबाई सुनेला घेऊन निघून गेल्या. दोन दिवसांनी सून एकटीच आली, जिन्यातच उभं राहून "नाई गेले" म्हणाली आणि मलम घेऊन गेली.

मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा लग्न तोंडावर आलं म्हणून अख्खी डबी एका रात्रीत फासून मोकळा झाला. बोहल्यावर नवरदेव उकडलेल्या बटाट्यासारखा सोललेला. डॉक्टरांना आमंत्रण होतं. ते अक्षता टाकायला पुढे झाले, नवरदेवाचं तोंड पाहिलं, आणि मंगलाष्टकं चालू असताना खिशातून तूर काढली. नवरीकडच्यांना वाटलं, बौद्ध लोकांत अक्षतांऐवजी तूर टाकत असतील.

पण त्यांचा खरा संताप वेगळ्याच लोकांसाठी राखून ठेवलेला असे. "पोरगी सावळी आहे डॉक्टर, जरा गोरी करून द्या," असं म्हणत जे आईबाप येत, त्यांच्यासाठी. मी एकदा स्वतः पाहिलं. एक गृहस्थ, चांगले टोपी-उपरण्यातले, धडपडत जिना उतरत होते. वरून आवाज येत होता, "मी डॉक्टर हाये, चुना मारणारा नाई! घर सफेद कराचं तर दिवाळीले करा! पोरीले काहून रंगवता?" त्यांच्या मागून एक काळीसावळी मुलगी उतरत होती. ती हसत होती. तोंडावर पदर दाबून, पण हसत होती.

माझी धाकटी बहीण शालू त्यांच्याच मलमावर होती. कॉलेजात जाणारी, गालांवर मुरुमांचा सडा. शालू नेमाची पक्की. तीन आठवडे तिनं सगळं तंतोतंत केलं आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिचं तोंड आधी बिघडलं. सालटं निघायला लागली. नेमकं तेव्हाच अकोल्याहून स्थळ सांगून आलं.

स्थळ आणलं होतं गोदाआत्याच्या दिरांनी. गोदाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐन तिशीत विधवा झाली आणि अकोल्याला दिरांच्या घरीच राहिली. दीर म्हणजे बापूसाहेब, कापसाच्या जिनिंगचे मालक, घरात त्यांचा शब्द शेवटचा. मुलाकडचे अकोल्याचेच, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम बापूसाहेबांच्या घरी ठरला. ऐन वैशाखात. मी आणि शालू बडनेऱ्याला गाडीत बसलो. शालू तोंडाभोवती पदर गुंडाळून, फक्त डोळे उघडे. घरून निघताना डॉक्टर दवाखान्याच्या खिडकीतून ओरडले होते, "ऊन लागू देजो नको तिले! आन कोणाचं काही ऐकजो नको!"

आत्यानं शालूचं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "उद्या संध्याकाळी लोक येऊन राहिले, आन हे काय वं पोरी?" त्या रात्री तिनं काय केलं ते मला नंतर कळलं. तिच्या ट्रंकेत कपड्यांखाली गोरं करणाऱ्या पांढऱ्या मलमाची एक डबी होती, बाजारात फेरीवाल्याकडून घेतलेली. तिनं ती शालूला दिली. घाबरलेल्या शालूनं आधी डॉक्टरांचं मलम थापलं, वर हे थापलं, सकाळी उठून पुन्हा थापलं आणि न्हाऊन केस वाळवायला गच्चीवर जाऊन बसली. अकोल्याचं वैशाखातलं ऊन!

ती खाली आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. डोळ्यांच्या फटी झालेल्या. गाल लालभडक, सुजलेले, जागोजाग पाणी धरलेलं. "ताई, आग होते," एवढंच म्हणत होती.

मी जिनिंगच्या ऑफिसात धावले आणि डॉक्टरांच्या खालच्या किराणा दुकानात ट्रंककॉल लावला. डॉक्टर फोनवर आले. फोन नसता तरी त्यांचा आवाज अकोल्याला पोचला असता. "साध्या पाण्यानं धुवा! घासजा नको! थंड पाण्याची पट्टी ठेवा, अंधाऱ्या खोलीत निजवा. वरतून हळद, लोणी, तुमच्या बापाचं काहीही लावजा नको! मी येतो!"

दवाखाना बंद करून दुपारच्या गाडीनं ते आले. बापूसाहेबांनी ओटीवर त्यांचं नाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी पाहिला. चहा आला. आम्हा सगळ्यांना बशीसकट, आणि डॉक्टरांना एका कान तुटलेल्या कपात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांनी कप फिरवून नीट पाहिला, चहा पिऊन संपवला आणि म्हणाले, "कपाचा कान तुटला, ठीक हाये. तुमचे शाबूत हायेत ना, बापूसाहेब? मंग ऐका. आज त्या पोरीले कोणासमोर बसवाचं नाई."

"लोकांना शब्द दिलाय मी," बापूसाहेब म्हणाले.

"शब्द तुमी दिला ना? मंग तुमीच पदर घेऊन बसा पाटावर!"

शालूच्या खोलीत मात्र त्यांचा हात कापसासारखा होता. त्यांनी पट्ट्या बदलल्या, साधं व्हॅसलिन अगदी हलक्या बोटानं टेकवलं. तोंड मात्र चालूच. "काय लावलं? खरं सांग. माह्या मलमाचं हे काम नाई. दुसरं काय लावलं?" शालू आत्याचं नाव सांगेना. डॉक्टर चडफडत हात धुवायला मागच्या बाजूला गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग निघाले, तर स्वयंपाकघराच्या दारापाशी ते थांबलेले.

आत चुलीशी गोदाआत्या उभी होती. हातात ती डबी. बहुतेक राखेत पुरून टाकायला निघाली असावी. पदर घसरला होता. मागच्या खिडकीतून तिच्या तोंडावर उजेड पडला होता, आणि इतक्या वर्षांत मी प्रथम माझ्या आत्याचं तोंड नीट पाहिलं. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर निळसर काळे चट्टे. मधेच एखादा पांढुरका डाग. आमची आत्या कायम डोळ्यांपर्यंत पदर ओढून वावरते, ती विधवा म्हणून, असंच आम्ही समजत होतो.

आता हे तिच्यावर तुटून पडणार, म्हणून मी पुढे झाले. डॉक्टर बोलले तेव्हा तो आवाज कुणाचा हे मला क्षणभर कळेना.

"किती वर्सं लावून राहिली, माय?"

आत्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "लगन झालं तवापासून. ते म्हणत, उजेडात येऊ नको माह्यासमोर."

"आन ते गेल्यावर?"

"बंद करून पाह्यलं. अजून काळं पडते, अन् आग होते. मंग लावाच लागते." तिनं घसरलेला पदर पुढे ओढला. "घरात कोणाले मालूम नाई. रांडमुंड बाई तोंडाले मलम लावते असं समजलं तर भाऊजी मले उंबऱ्यात उभं करणार नाईत. मी पोरीचं वाईट नाई हो चिंतलं. मले वाटलं, माह्यासारखं तिले कोणी म्हणू नये."

डॉक्टर चुलीसमोर उकिडवे बसले. सुटाबुटात, राखेत. "बस माय," म्हणाले. तिच्या हातातून डबी घेतली, वास घेतला, कोटाच्या आतल्या खिशात टाकली. "हे एकदम बंद. काही दिवस आग होईन, काळं दिसन. भेवाचं नाई. मी साधं मलम धाडतो मास्तरीणबाईच्या हातून. उन्हात पदर घेजो. सगळे डाग जातीन असं खोटं सांगत नाई. पण बरेच जातीन."

"मंग मी काळीच होईन?" आत्यानं विचारलं. लहान मुलीसारखं.

"नाई. तू तुह्या रंगाची होशीन."

एवढ्यात बाहेर गाडी वाजली. मुलाकडचे आले होते.

बापूसाहेबांनी त्यांना शालू आजारी असल्याचं सांगितलं, पण मुलाची आई खमकी. "आजारी तर आजारी, पाहून तर घेऊ," म्हणत ती थेट खोलीत शिरली, आणि तोंडावर हात ठेवून बाहेर आली. "हे काय बाई? हा कोणता रोग?"

बापूसाहेबांचं डोकं फिरलं. "रोगबिग काही नाही. कोणीतरी भलतंच काही लावलंय. माझ्या घरात असले नखरे चालत नाहीत. गोदावहिनी! पोरगी रात्री तुमच्याजवळ निजली होती ना? इकडे या!"

आत्या दारात आली. भिंतीला धरून उभी. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, ही आता इथेच कोसळणार.

"तिले काय विचारता?" डॉक्टर ओरडले. सगळे दचकले. "मी लावलं! माह्यं मलम हाये. जास्त जहाल झालं. चूक माही हाये. काय मनाचं ते मले मना!"

मग मुलाची आई जे बोलली आणि बापूसाहेब जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरकीबद्दल बोलले, मग जातीबद्दल बोलले. राखीव जागेवर शिकून आलेले असले लोक म्हणे लेकीबाळींच्या तोंडाची राख करतात. आणि डॉक्टर तायडे, ज्यांनी आयुष्यात कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेतला नव्हता, खाली पाहत उभे होते. त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते तसंच मिटलं.

स्थळ गेलं. बरंच झालं.

रात्रीच्या गाडीला मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. फलाटावर मी भडकले. "तुम्ही खोटं का बोललात? तुमचं मलम निर्दोष होतं. उद्या ही बातमी अमरावतीला येईल. तुमच्या दवाखान्याची पायरी कोण चढेल?"

"नाई चढले तर नाई चढले," ते म्हणाले. "मी रातच्याले माह्या खोलीत जाऊन कुलूप उघडतो. तिथं मले बोलाले कोणी बसलं नाई. तिले त्याच घरात राहाचं हाये, मास्तरीणबाई. तिनं कुठं जाव?" मग एकदम आवाज चढला. "आन तुमी हे कोणाजवळ बोलल्या तर याद राखजा! शाळेत येऊन तमाशा करीन!"

बातमी आलीच. बापूसाहेबांचे व्यापारी अमरावतीत होतेच. वर्षभर समोरचा जिना ओस होता. आमच्या शिक्षकांच्या खोलीत बायका मिटक्या मारत सांगायच्या, "त्या तायड्यानं म्हणे अकोल्याची एक पोरगी जाळली." ती पोरगी माझी बहीण होती, तिचं तोंड महिन्याभरात साफ झालं होतं, आणि तिला बरं करणाराही तोच तायडे होता. मी पुस्तकात डोकं घालून बसायची. आतल्या आत इतकी जळायची की खडू हातात मोडायचा. बोलता येत नव्हतं. आज बोलते आहे, कारण आत्या गेली, बापूसाहेब गेले, आणि डॉक्टरही नाहीत. राग तेवढा राहिला आहे.

हळूहळू पेशंट परत आले. खरूज, नायटे कुणाची इभ्रत पाहून थांबत नाहीत. ओरडाआरडा पूर्ववत सुरू झाला. आईनंसुद्धा हुश्श केलं.

त्या दरम्यान मी सुट्टीत अकोल्याला जायची ती साधं मलम घेऊन, आणि यायची ती आत्यानं दिलेला डबा घेऊन. कधी कुरडया, कधी शेवया. डॉक्टर डबा पाहून खेकसत, "मले काहून पाठवते? मी काय उपाशी मरून राहिलो?" आणि डबा टेबलाखाली अगदी जपून ठेवत.

एका उन्हाळ्यात असाच डबा दिला. खेकसून झालं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तोंड कसं हाये?"

"डाग थोडे आहेत अजून," मी म्हटलं. "पण या खेपेला मला पोचवायला फाटकापर्यंत आली. भर सकाळी. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. शेजारच्या बाईशी बोलत बराच वेळ उभी होती."

डॉक्टर उठले आणि माझ्याकडे पाठ करून मागच्या कपाटातल्या बाटल्या नीट लावू लागले. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. कुणीतरी खोकलं. ते वळले नाहीत. एकेक बाटली उचलून, पुसून, पुन्हा तिथेच ठेवत राहिले. बाटल्या आधीपासूनच नीट लावलेल्या होत्या.